सॉफ्टवेअरचे सतत एकत्रीकरण : रेडिओ दुर्बिणींच्या अनुषंगाने

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचा समूह होय. त्यांपैकी १४ अँटेना मध्यवर्ती परिसरात असून उरलेल्या १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात उभ्या आहेत. या साऱ्यांनी एकाच वेळी एकाच दिशेस वळावे, ही व्यवस्था सॉफ्टवेअर पाहते. या कार्यातील अनुभवामुळे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे 'स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे' या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीच्या नियंत्रणप्रणालीच्या आराखड्याचे नेतृत्व आले. तो आराखडा २०१८ मध्ये पूर्ण झाला. या दुर्बिणीचे सॉफ्टवेअर अनेक देशांत लिहिले जाते, आणि प्रश्न उद्भवतो तो येथेच.

समजा, पुण्यातील एका गटाने अँटेना वळविण्याच्या आज्ञेचे नाव बदलले आणि परदेशातील दुसऱ्या गटाचा भाग जुन्याच नावाने ती आज्ञा पाठवीत राहिला. दोन्ही भाग स्वतंत्रपणे निर्दोष. परंतु एकत्र येताच यंत्रणा ठप्प होणार. हे भाग काही महिन्यांनी जोडले, तर दोषाचे मूळ शेकडो बदलांतून शोधावे लागते.

यावरील उपाय म्हणजे सतत एकत्रीकरण. ही संज्ञा ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये योजिली. प्रत्येक लहान बदल सामाईक भांडारात येताच एक संगणक संपूर्ण सॉफ्टवेअरची नव्याने बांधणी करतो, ठरलेल्या चाचण्या क्रमाने घेतो आणि निकाल कळवितो. दोष त्याच दिवशी, त्याच बदलापाशी सापडतो.

बांधणीच्या परिसराचाही विचार येथे आवश्यक ठरतो. एकाच्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या संगणकावर चालत नाही, याचे कारण पुष्कळदा सहायक ग्रंथालयांच्या भिन्न आवृत्त्या हे असते. म्हणून कार्यप्रणाली, भाषा व ग्रंथालये यांच्या आवृत्त्या लेखी नोंदवून त्यांवरून एक बंदिस्त 'कंटेनर' तयार करतात. सर्वांनी तोच वापरावयाचा. मात्र गोठविलेल्या आवृत्त्या कालांतराने जुन्या होतात व त्यांतील सुरक्षेची छिद्रे तशीच राहतात. यास्तव ठराविक काळाने आवृत्त्या वाढवून कंटेनर पुन्हा बांधावा आणि त्याच चाचण्या घ्याव्यात. चाचण्या उत्तीर्ण झाल्यास नवा कंटेनर सर्वांस मिळतो. अन्यथा जुनाच कायम राहतो. परिसर अद्ययावत राहतो, आणि कोणाचेही काम खोळंबत नाही.

तथापि या पद्धतीची मर्यादा ध्यानी घेतली पाहिजे. चाचण्यांत अँटेनाऐवजी तिची संगणकीय प्रतिकृती असते. प्रतिकृतीवर वारा आदळत नाही, तिचे दंतचक्र झिजत नाही. शिवाय जी चाचणी कोणी लिहिलीच नाही, तिच्यातील दोष यंत्र दाखवू शकत नाही. प्रत्यक्ष अँटेनेवरील परीक्षेला म्हणूनच पर्याय नाही. सतत एकत्रीकरणाचा लाभ असा की, त्या परीक्षेचा मोलाचा वेळ संगणकाला आधीच पकडता आले असते अशा चुकांवर वाया जात नाही.