कुत्र्याला कच्चं चिकन द्यायचं का? लांडगा, फ्रीजर आणि पिल्लाची हाडं

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. लोकलच्या गर्दीत हेडफोन काढताच येत नाही, अशा कसारा लाइनवाल्यांसाठी खास.)

आजचा विषय कुत्रे. गेले काही दिवस एकाच प्रश्नाचे व्हॉइस नोट येतायत. त्यातला एक आपल्या टिटवाळ्यातूनच आलाय:

"दादा, आमच्याकडे अडीच महिन्यांचं पिल्लू आहे, जिन्याखाली सापडलेलं. इन्स्टावर सगळे म्हणतात कच्चं चिकन द्या, तेच नॅचरल. चिकनवाले काका पाय-मुंडी फुकट देतात. देऊ का? घरात आजी आहे आणि भावाची दीड वर्षाची मुलगी."

छोटं उत्तर: नको, शिजवून दे. मोठं उत्तर हा सगळा एपिसोड. आणि गंमत बघा, उत्तराचा अर्धा भाग तिच्या शेवटच्या वाक्यातच आहे. आपण सगळे विचारतो, "कुत्र्याला पचेल का?" मोठ्या, तब्येतीने धडधाकट कुत्र्याला बऱ्याचदा पचतं. खरे प्रश्न दोन आहेत: घरातल्या बाकीच्यांचं काय, आणि वाढत्या पिल्लाच्या हाडांचं काय?

मी व्हेट नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे इथे ऐकलेलं तुमच्या डॉक्टरांशी बोलून मगच अमलात आणा.

"पण लांडगा कुठे शिजवून खातो?"

कच्च्या आहाराची ही फॅशन तशी जुनी आहे. ऑस्ट्रेलियातले व्हेट इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि कच्चं मांस, हाडं, भाज्या असा 'बार्फ' नावाचा आहार जगभर पसरला. त्यामागचा युक्तिवाद एका ओळीचा आहे: कुत्रा म्हणजे लांडगा, लांडगा कच्चं खातो, म्हणून कुत्र्याने कच्चं खावं.

यातली पहिलीच पायरी डगमगते. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेलसन यांच्या टीमने २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना छापली. पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात. कुत्र्यात त्या ४ पासून ३० पर्यंत सापडल्या. म्हणजे माणसाच्या चुलीजवळ राहता राहता कुत्र्याचं पोट बदललं. हे सांगायला खरं तर स्वीडनला जायची गरज नव्हती. आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावरचा कुत्रा पिढ्यान् पिढ्या भाकरीवर राखण करत आलाय.

कच्चं देणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे: मांस चांगलं पचतं, त्यामुळे शी कमी होते. पण शिजवलेलं मांसही चांगलं पचतं. नीट शिजवल्याने प्रोटीन कुठे पळून जात नाही.

दुकान ते वाटी

आता आपल्या गावाकडे येऊ. कोंबडी कापली, ओट्यावर आली, पिशवीत पडली, घरी पोचली, सिंकमध्ये धुतली, वाटीत गेली. आणि पिल्लू म्हटल्यावर अर्धं खाऊन उरलेलं तासाभराने चाटायला परत येणार.

जिवाणूंना ५ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान फार आवडतं. कच्चं मांस बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडे मे महिन्यात ३२ अंश सकाळीच होतात. म्हणजे दुकानातल्या ओट्यावरच तो तास संपलेला असू शकतो.

"मी तर चांगल्या कंपनीचं फ्रोझन मागवतो," असं काहीजण म्हणतील. अमेरिकेच्या एफडीएने २०१० ते २०१२ या काळात बाजारातल्या कच्च्या पेट फूडचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला निघाला, ३२ मध्ये लिस्टेरिया. आणि फ्रीजरबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच: बरेच दिवस गोठवल्यावर अनेक परजीवी मरतात, जिवाणू मात्र नुसते झोपतात. बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात.

यातला त्रासदायक भाग असा, की कुत्रा अगदी ठणठणीत दिसतो. शेपूट हलवतोय, उड्या मारतोय, आणि त्याच्या शीतून साल्मोनेला बाहेर पडतोय. तोच कुत्रा आधी स्वतःला चाटतो आणि मग भाचीचा गाल. दीड वर्षाचं बाळ दिवसभर जमिनीवर असतं आणि हात तोंडात घालतं. आजीची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. घरात कोणी गरोदर असेल तर लिस्टेरिया बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाने २०२२ मध्ये ६०० निरोगी कुत्र्यांवरचा अभ्यास मांडला. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या शीमध्ये अँटिबायोटिकला दाद न देणारे ई. कोलाय सापडण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे हा जंतू घरातल्या माणसाला लागला तर नेहमीचं औषध चालेलच असं नाही.

आमच्या ऑफिसमध्ये एक फेमस वाक्य आहे: "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!" ज्याचा कुत्रा पाच वर्षं कच्चं खाऊन मस्त आहे, तो हेच सांगत असतो. तो खोटं बोलत नाहीये. पण त्याच्या घरात आजी आणि रांगतं बाळ होतं का, हे रीलमध्ये दिसत नाही.

बर्ड फ्लू लांब नाहीये

टिटवाळ्यानंतर खडवली, वासिंद आणि मग आसनगाव. तिथल्या शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात फेब्रुवारी २०२२ मध्ये एका पोल्ट्रीतल्या शंभरेक कोंबड्या अचानक मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या सुमारे २५ हजार कोंबड्या नष्ट करायचं ठरलं.

मग नागपूर. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाडा इथल्या बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू असल्याचं कळवलं. संशय खाण्यात दिलेल्या चिकनवर घेतला गेला. विचार करा, जंगलात कच्चंच खाणारा वाघ!

मांजराच्या कुळाला हा विषाणू जास्त झोंबतो, कुत्र्यांना त्या मानाने कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही. थायलंडमध्ये २००४ साली बाधित बदक खाल्लेला कुत्रा दगावल्याची नोंद आहे. उपाय सोपा आहे: हा विषाणू ७० अंशांना मरतो. चिकन आतपर्यंत ७४ अंश गरम झालं, म्हणजे मध्ये गुलाबी भाग उरला नाही, की तो आणि साल्मोनेला दोघांचाही विषय संपतो.

मटणवाल्याकडचं 'फुकट'

चिकनचं झालं. काही जण बकऱ्याचं फुफ्फुस आणि कलेजी कच्ची आणून टाकतात. तिथे हायडॅटिड नावाचा वेगळा धोका आहे. बकरी-मेंढीच्या अवयवांमध्ये एका फीतकृमीच्या पाण्याच्या गाठी असू शकतात. कुत्र्याने ते कच्चं खाल्लं की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो आणि त्याची अंडी शीतून बाहेर येतात. ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात नाहीतर फुफ्फुसात गाठ होते. ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते आणि कधीकधी ऑपरेशन करूनच काढावी लागते. साखळी तोडायच्या दोन जागा आहेत: अवयव शिजवा, आणि कुत्र्याला वेळापत्रकाप्रमाणे जंताचं औषध द्या.

पिल्लाची हाडं: इथे शिजवूनही भागत नाही

हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो, म्हणून नीट ऐका.

१०० ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस २०० च्या आसपास असतं. म्हणजे प्रमाण १ ला २०. वाढत्या पिल्लाला हवं असतं १ ला १ ते २ ला १, तेही कॅल्शियमच्या बाजूने.

पिल्लू महिनाभर नुसत्या चिकनवर राहिलं तर काय होतं? शरीराला रक्तातलं कॅल्शियम टिकवायचंच असतं. खाण्यातून आलं नाही की ते हाडांतून उपसलं जातं. पिल्लू लंगडतं, पाय वाकतात, जिन्यावरून साधी उडी मारली तरी हाड मोडतं. आणि बाहेरून ते गुटगुटीत दिसत असतं, कारण प्रोटीन भरपूर मिळतंय.

"मग कॅल्शियमचं टॉनिक घालतो!" थांबा. जास्त कॅल्शियमही घातक आहे, विशेषतः लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींना. लहान पिल्लाचं शरीर नको असलेलं कॅल्शियम नीट नाकारू शकत नाही. त्यामुळे मात्रा व्हेटनेच ठरवायची.

हाडांचं म्हणाल तर शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याचे अणकुचीदार तुकडे होतात. कच्च्या हाडानेही दात तुटतात आणि आतडं अडू शकतं.

मग द्यायचं काय?

- पिल्लाचं मुख्य जेवण: 'पपी' आणि 'कम्प्लीट' असं लिहिलेलं तयार खाणं, किंवा व्हेटने मोजून दिलेला घरगुती आहार.
- वरून चव म्हणून उकडलेलं चिकन, अंडं, भात, लाल भोपळा. मीठ, मसाला, कांदा, लसूण नाही. हे सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागापर्यंतच.
- पाय-मुंडी फुकट मिळतेय तर घ्या, पण उकडा, हाडं काढा आणि फक्त मांस द्या. कलेजी कधीतरी चमचाभर. रोज दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होतं.
- कच्चं चालेल असंही आहे: गाजर, काकडी, बिया काढलेलं सफरचंद किंवा कलिंगड. छोटे तुकडे करून.
- अजिबात नको: द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा, कच्ची मळलेली कणीक. देवळाबाहेर लोक प्रेमाने भटक्या कुत्र्यांना प्रसाद घालतात, तिथे मनुका आणि चॉकलेट मोदक तेवढे टाळा.
- तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून ४ वेळा थोडं थोडं. खाणं बदलायचं तर ७ ते १० दिवसांत हळूहळू.
- कच्चं चिकन सिंकमध्ये नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. वाटी जेवणानंतर लगेच साबणाने घासा, हात २० सेकंद धुवा.

एक वेळेची गोष्ट

कच्चं खाऊन पिल्लाला जुलाब झाले की घरात म्हणतात, "चिकन बाधलं, उद्या बरं होईल." पण पार्व्होची सुरुवातही अशीच होते: उलटी, मलूलपणा, जुलाब, मग रक्त. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाकडे पार्व्होत दिवस नसतात, तास असतात. तीन महिन्यांचं पिल्लू दोनदा उलटलं आणि खेळायचं थांबलं, तर रात्र काढू नका, त्याच दिवशी व्हेट गाठा. आणि लस: सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू, मग डॉक्टर सांगतील त्या तारखांना, साधारण १६ आठवड्यांपर्यंत. एकही डोस चुकवायचा नाही.

तर ताई, काकांकडचं चिकन आण, पण कुकरची शिट्टी होऊ दे. आणि या आठवड्यात पिल्लाला व्हेटकडे नेशील तेव्हा तीन गोष्टी विचार: लसीची पुढची तारीख, जंताच्या औषधाची तारीख, आणि या वजनाला कॅल्शियम पुरतंय का.

बाकीच्यांनी आपापल्या कुत्र्याच्या वाटीत आज काय होतं ते व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. भू भू!