जामीन झाला, तरी पोरगा आत का?

वस्तीतल्या मुलाला पोलिसांनी उचललं की पहिल्या दिवशी ठाण्यासमोर पन्नास जण जमतात. तिसऱ्या महिन्यात तुरुंगाच्या मुलाखत खिडकीवर त्याची आई एकटी उभी असते. कार्यकर्त्यांची खरी गरज तेव्हा असते.

अटकेनंतर चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. संविधानाच्या अनुच्छेद २२ मधली ही तरतूद बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत मांडली होती. दंडाधिकारी पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी देतात किंवा एमसीआर. एमसीआर झाला की तुरुंग, आणि मुलगा 'कच्चा कैदी'. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ असेच कच्चे होते. म्हणजे चारातल्या तिघांवरचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता.

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे. त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही.

आरोपपत्र ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. विशेष कायद्यांत मुदत वाढते. मात्र अर्ज आरोपपत्र येण्याआधी पडला पाहिजे. एक दिवस उशीर झाला तरी हक्क गेला. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं असतं. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळलेत. हा अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे, तरी तारीख आपणच मोजावी.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती जामीन मंजूर झाल्यावर. आदेशात लिहिलेलं असतं, 'पंधरा हजारांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा लायक जामीनदार.' जामीनदाराला ऐपतीचा दाखला, पगाराची पावती किंवा घराचे कागद लागतात. ज्याची झोपडीच कोणाच्या नावावर नाही, त्याने लायक माणूस आणायचा कुठून? मग भाडोत्री जामीनदार पैसे उकळतात. त्यांच्या नादी लागू नका. आधी रोख जामिनासाठी अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे, जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. महिना उलटला तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करू शकतं. केंद्राच्या गरीब कैदी सहाय्य योजनेत काही विशेष कायद्यांखालचे खटले सोडून आर्थिक मदत मिळते.

आतल्या कामाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जात बघून झाडू किंवा स्वयंपाक वाटून देणं ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. मुलाखतीला जाल तेव्हा काम कोणतं दिलंय, हे जरूर विचारा.

शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्याला नियमानुसार संचित आणि अभिवचन रजा मिळते, चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत सूटही.

जामिनावर सुटलेला मात्र मोकळा झालेला नसतो. रोजंदारीचा माणूस खाडा नको म्हणून तारीख चुकवतो, वॉरंट निघतं, जामीनदारही गोत्यात येतो. म्हणून त्याच्या तारखा मंडळातल्या कोणा एकाने लिहून ठेवाव्यात. विहाराच्या फळ्यावर नव्हे, आपल्या वहीत. आदल्या रात्री त्याला फोन करावा.