'सभा'ची 'समा' का होते?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन सर्वांचा हक्क बजावला. त्या दिनासाठी महाड किंवा पोलादपूरच्या ग्रंथालयात भित्तिपत्रक लावायचे आहे, असे समजा. अक्षरे केवढी काढाल?

सहा मीटरांवरून निरोगी डोळ्यालाही सुमारे दोन मिलिमीटरांहून अरुंद फट दिसत नाही. 'भ'ची शिरोरेषा तुटलेली, 'म'ची अखंड. मधली फट बुजली, की 'सभा'ची 'समा' होते! म्हणून फट चांगली पाच-सहा मिलिमीटर ठेवा.

पांढऱ्या कागदावर पिवळी अक्षरे नकोत. दोन्ही रंग बराच प्रकाश परावर्तित करतात. गडद निळी उठून दिसतील.

शेवटी दारात उभे राहून वाचून पाहा. सर्वांसाठीची गोष्ट सर्वांना वाचता यायला हवी ना?