चार आठवड्यांचे आयर्लंड

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता मोशीस पोहोचला म्हणजे देहूहून आळंदीस जाणारा रस्ता त्यास आडवा येतो. पुढे इंद्रायणी ओलांडली की चिंबळी आणि मग कुरुळी ही गावे लागतात. खेड तालुक्यातील हे कुरुळी एके काळी शेतीवर जगे. आज चाकणच्या कारखानदारीने त्याचे रूप पालटले आहे. मराठवाडा-विदर्भातून जशी माणसे कामासाठी या पट्ट्यात आली, तशी ती बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा या प्रांतांतूनही आली, आणि त्यांची मुले येथल्याच शाळांत बसू लागली. अशा गावातील एखाद्या मुलीने शिक्षणशास्त्राची पदवी घेता घेता विद्यापीठाच्या अल्पकालीन अभ्यासक्रमासाठी चार आठवडे आयर्लंडास जावयाचे ठरविले आणि विषय ‘शिक्षण व आयरिश वाङ्मय’ असा सांगितला, तर घरची वडील माणसे दोन प्रश्न हटकून विचारतील. एवढ्या थोड्या दिवसांत शिकणार ते काय? आणि जिला उद्या मराठी शाळेत शिकवावयाचे, तिला आयर्लंडच्या कवींशी काय कर्तव्य? खर्च ज्यांना करावयाचा असतो त्यांनी असे विचारणे रास्तच आहे.

असले अभ्यासक्रम आता नवलाईचे राहिलेले नाहीत. अमेरिकेतील कित्येक विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांस उन्हाळ्यात आयर्लंडास नेतात; काही दिवस व्याख्याने, काही दिवस शाळांच्या भेटी, मधून मधून स्थलदर्शन असा त्यांचा क्रम असतो. स्लायगो येथे कवी येट्सच्या नावाने १९६० पासून उन्हाळी वर्ग भरत आला आहे. परंतु शिक्षण आणि वाङ्मय या दोन विषयांची मोट एकत्र का बांधावी, हे समजावयास त्या देशाचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

१८३१ साली मुंबईस मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापला गेला. त्याच वर्षी आयर्लंडात सरकारने राष्ट्रीय प्राथमिक शाळांची योजना सुरू केली. योगायोग खरा, पण मोठा बोलका. इकडे इंग्रज अधिकारी मराठी शब्द गोळा करीत होते. तिकडे आयरिश बोलणाऱ्या मुलांस पहिल्या दिवसापासून इंग्रजीतून शिकविले जात होते. कित्येक ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवीत. मूल आयरिश शब्द बोलले की काठीवर एक खाच पडे, आणि खाचा मोजून शिक्षा होई. ही हकीकत ऐकून शिक्षकांचा राग येतो. परंतु पुष्कळदा या काठीला आईबापांची संमती असे, किंबहुना घरच्या खाचा तेच पाडीत. त्यांची समजूत अशी की, पोर इंग्रजी शिकले तर अमेरिकेस जाऊन पोट भरील. १८४५ पासून पडलेल्या भीषण दुष्काळाने ही समजूत अधिकच पक्की केली. जे मेले आणि जे देश सोडून गेले, त्यांत आयरिश बोलणाऱ्या गरिबांचाच भरणा मोठा होता. १८५१ च्या शिरगणतीत ती भाषा बोलणारे सुमारे १५ लाख होते; १९०१ मध्ये ते सुमारे ६ लाख ४१ हजार उरले. सरकारी शाळा, दुष्काळ आणि आईबापांची पोटाची काळजी या तिहींनी मिळून हे घडविले. मुलाने घरीही इंग्रजीच बोलावे असा आग्रह धरणाऱ्या शहरातील कुटुंबांनी त्यांतील तिसऱ्या कारणाकडे जरा थांबून पाहावे.

हे नुकसान ज्यांना उमगले त्यांनी १८९३ मध्ये गेलिक लीग ही संस्था काढली. डग्लस हाइड हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढे १९३८ मध्ये तेच आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. या लीगच्या मुखपत्राचे संपादक पॅट्रिक पिअर्स हे कवीही होते आणि शिक्षकही. थोड्या दिवसांत काय शिकणार, या प्रश्नाला त्यांच्या चरित्रात चांगले उत्तर सापडते. १९०५ च्या उन्हाळ्यात पिअर्स बेल्जियमला गेले. त्या देशात फ्लेमिश व फ्रेंच अशा दोन भाषा नांदतात, आणि दोन भाषांच्या देशात शाळा कशी चालवावी हा एकच प्रश्न घेऊन ते निघाले होते. राजवाडे व चित्रशाळा बाजूस ठेवून ते वर्गांमागून वर्ग पाहत हिंडले. मुलाला प्रथम घरच्या भाषेतून शिकवावे. दुसरी भाषा भाषांतराच्या द्वारे न आणता वस्तू व चित्रे दाखवून, बोलून बोलून आणावी, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. परत आल्यावर त्यांनी त्यावर दीर्घ लेखमाला लिहिली, आणि १९०८ मध्ये डब्लिन येथे सेंट एन्डा नावाची स्वतःची शाळा काढली. थोड्या दिवसांचा प्रवास एवढे देऊन गेला, कारण जाणाऱ्याच्या पदरी प्रश्न होता. या शाळेच्या साहाय्यार्थ मे १९१३ मध्ये डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहात पिअर्स यांचे एक आयरिश नाटक आणि रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ इंग्रजीत, अशी दोन नाटके एकत्र झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. १९१६ च्या उठावात पुढाकार घेतल्याबद्दल पिअर्स यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या शाळेच्या वास्तूत आता संग्रहालय आहे. तत्कालीन शिक्षणपद्धतीवरील आपल्या पुस्तिकेस त्यांनी ‘खुनी यंत्र’ अशा अर्थाचे नाव दिले होते. नाव भडक आहे खरे, पण गळ्यातील काठी आठवली म्हणजे ते फार भडक वाटत नाही.

वाङ्मयाकडे वळले तर तेथेही अल्पमुदतीच्या मुक्कामाचीच कथा भेटते. जॉन सिंग हा तरुण पॅरिसमध्ये साहित्याची उमेदवारी करीत असता येट्सने त्याला अरन बेटांवर जाऊन राहण्याचा सल्ला दिला. १८९८ पासून पाच वर्षे सिंग दरसाल काही आठवडे तेथे जाऊन राही. कोळ्यांच्या घरात बसून आयरिश शिके, म्हाताऱ्यांच्या तोंडून गोष्टी ऐके. त्या ऐकण्यातून त्याची नाटके निघाली. ती मात्र त्याने इंग्रजीत लिहिली, आणि त्या इंग्रजीत आयरिश बोलीचा ठेका आणला. आयरिश वाङ्मय म्हणजे आयरिश भाषेतील, की आयरिश माणसाने इंग्रजीत लिहिलेले, हा वाद तेथे तेव्हापासून चालत आला आहे. मराठी शिक्षिकेला तो दूरचा वाटण्याचे कारण नाही.

आणि कवींशी काय कर्तव्य, या दुसऱ्या प्रश्नाविषयी. येट्सला १९२३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तो तेव्हा आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाचा सभासद होता, आणि १९२६ मध्ये त्या नात्याने त्याने वॉटरफर्ड येथील जोगिणींची एक शाळा पाहिली. शाळातपासणीतून उत्तम कविता जन्मास येणे ही दुर्मिळ घटना. शाळेतील मुलांवरची त्याची प्रसिद्ध कविता अशी जन्मली. याच येट्सचा मराठी माणसाशी निकटचा संबंध आला होता. वऱ्हाडातील बडनेऱ्याचे श्रीपुरोहित स्वामी १९३१ मध्ये त्याला इंग्लंडात भेटले. स्वामींचे गुरू भगवान श्री हंस यांनी कैलास-मानससरोवराच्या यात्रेचे मराठीत लिहिलेले वर्णन स्वामींनी इंग्रजीत आणले, आणि १९३४ मध्ये ते येट्सच्या प्रस्तावनेसह लंडनला प्रसिद्ध झाले. पुढे दोघांनी माजोर्का बेटावर एकत्र बसून दहा प्रमुख उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला. तो १९३७ मध्ये छापला गेला. स्लायगोस जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने एवढे तरी बरोबर न्यावे.

इतक्या खटपटीचे फळ काय, हे आजच्या आयर्लंडात पाहावयास मिळते. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली राजभाषा ठरविले; शाळांतून ती सक्तीने शिकवली जाते. २०२२ च्या शिरगणतीत आपल्याला आयरिश बोलता येते असे सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी सांगितले. परंतु शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. या दोन आकड्यांमधील दरी हाच शिक्षणाच्या विद्यार्थ्याचा खरा अभ्यासविषय. शाळा भाषा शिकवू शकते. ती जेवताना, भांडताना, अंगाई म्हणताना वापरावयाची की नाही, हे घर ठरविते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आणि २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला. तरी ही दरी आपल्याकडे पडणार नाही असे कोणी समजू नये. आयर्लंडने त्यावर एक उपाय योजला आहे. तेथे प्राथमिक शिक्षक होणाऱ्या प्रत्येकाला शिक्षणक्रमात काही आठवडे गेल्टाख्टमध्ये, म्हणजे जेथे आयरिश अजून घराघरांत बोलली जाते अशा प्रदेशात, राहावे लागते. बहुधा एखाद्या कुटुंबात बिऱ्हाड, घरधनिणीशी बोलणे, एका पंगतीत जेवण. सिंग आपखुशीने जे करी, तेच आता शिक्षकाच्या तयारीचा भाग झाले आहे.

कुरुळीच्या मुलीचा प्रश्न यापेक्षा थोडा निराळा असेल. तिच्या वर्गात मराठी ही काहींची घरची भाषा, तर काहींची शेजारची. भोजपुरी किंवा ओडिया बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात, न दिसणारी का होईना, मराठीची काठी अडकवावयाची की पिअर्सने पाहिलेल्या वर्गाप्रमाणे वस्तू व चित्रांच्या आधाराने त्याला हाताशी धरावयाचे? आयरिश शाळांतही आज पोलंड, युक्रेन, ब्राझील अशा देशांतून आलेली मुले बसतात, आणि तेथील शिक्षक इंग्रजी व आयरिश या दोन्ही भाषा त्यांच्यापर्यंत नेण्याच्या खटपटीत असतात. त्या वर्गात मागच्या बाकावर चार दिवस बसावयास मिळाले, तर तो लाभ व्याख्यानांहून अधिक.

येथे एक व्यावहारिक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. आयर्लंडातील माध्यमिक शाळा साधारणतः मेअखेरीस आणि प्राथमिक शाळा जूनअखेरीस बंद होतात. त्या उघडतात ऑगस्ट संपता संपता. जुलैमध्ये जाणाऱ्यास कवींची गावे दिसतील, नाटके दिसतील, वर्ग मात्र रिकामे दिसतील. आपल्याकडील शाळांस मे महिन्यात सुटी असते. तेव्हा शिक्षणाच्या विद्यार्थिनीने तोच महिना साधावा, आणि पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिकेत शाळांचे दिवस किती व गेल्टाख्टचे किती, हे मोजून पाहावे.