रंगभूमीच्या शेजारचा मुक्काम

परदेश प्रवासाचे अंदाजपत्रक मांडताना हॉटेलच्या रकान्यापाशी आपला हात हटकून आखडतो. रात्री केवळ पाठ टेकायची, मग खोलीसाठी एवढा पैसा कशाला, हा आपला रोकडा सवाल असतो आणि बहुतेक वेळा तो रास्तही असतो. लंडनच्या वेस्ट एंड या गजबजलेल्या नाट्यनगरीत मात्र त्याचे उत्तर थोडे निराळे मिळते. तेथील ‘सॅव्हॉय’ या पंचतारांकित हॉटेलची कथा त्यासाठी पाहण्याजोगी आहे. कारण हे हॉटेल मुळी नाटकाच्या नफ्यातूनच उभे राहिले.

रिचर्ड डॉयली कार्ट हे नाट्यनिर्माते. लेखक गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन यांच्या विनोदी संगीतिकांसाठी त्यांनी स्ट्रँड या हमरस्त्यालगत १८८१ साली सॅव्हॉय थिएटर बांधले. संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेली ही जगातील पहिली सार्वजनिक इमारत मानली जाते. त्या काळी लोकांना विजेचे भय वाटे. म्हणून कार्ट यांनी स्वतः रंगमंचावर येऊन एक पेटता दिवा सर्वांसमक्ष फोडला आणि त्यातून आग लागत नाही, हे दाखवून दिले. पुढे १८८५ मध्ये आलेल्या ‘द मिकाडो’चे ६७२ प्रयोग झाले. अमेरिकेत कार्ट यांनी उत्तम हॉटेले पाहिली होती. तशा सुखसोयी लंडनमध्येही असाव्यात, या विचाराने त्यांनी नाटकांतून साठलेला पैसा थिएटरशेजारीच गुंतविला आणि ऑगस्ट १८८९ मध्ये हॉटेलचे दरवाजे उघडले. विजेचे दिवे, विजेवर चालणारे उद्वाहक आणि खोलीला जोडूनच स्नानगृह ही त्या काळातील अपूर्वाई होती. सेझार रिट्झ यांच्याकडे व्यवस्थापन आले, तर ऑग्यूस्त एस्कॉफिए यांच्याकडे मुदपाकखाना. ऑपेरा गायिका नेली मेल्बा यांच्या सन्मानार्थ एस्कॉफिए यांनी केलेले ‘पीच मेल्बा’ हे मिष्टान्न आज जगभर परिचित आहे.

जमाखर्चात वावरणाऱ्या माझ्यासारख्याला या वैभवापेक्षा त्यामागील हिशेबाची गोष्ट अधिक लक्षवेधी वाटते. १८९० मध्ये थिएटरच्या देखभालीचा खर्च कार्ट यांनी भागीदारीच्या खात्यावर टाकला. त्यात प्रेक्षागृहाबाहेरील दालनातील नव्या गालिच्याचाही समावेश होता. हा खर्च एकट्या कार्ट यांनी सोसावा, असे गिल्बर्ट यांचे म्हणणे. सलिव्हन यांनी मात्र कार्ट यांची बाजू घेतली. प्रकरण न्यायालयात गेले आणि लाखो रसिकांना हसविणारी जोडी दुभंगली. १८९३ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, परंतु पूर्वीचे यश पुन्हा लाभले नाही. हॉटेलनेही असाच एक प्रसंग पाहिला. आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून १८९८ मध्ये रिट्झ आणि एस्कॉफिए या दोघांनाही निरोप देण्यात आला. खर्च कोणाचा आणि कशासाठी, हे आधी स्पष्ट नसले की मोठमोठ्या कर्तबगार मंडळींचेही बिनसते, हेच खरे.

पाहुणा म्हणून आपणही हाच प्रश्न स्वतःला विचारावा. येथे आपण नेमके कशाचे पैसे देतो? सर्वप्रथम, सान्निध्याचे. वेस्ट एंडमधील सायंकाळचे प्रयोग साधारणतः साडेसातच्या सुमारास सुरू होतात. ड्रुरी लेन, लायसीयम, ॲडेल्फी, रॉयल ऑपेरा हाउस ही सारी रंगमंदिरे येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सॅव्हॉय थिएटर तर अगदी अंगणातच. प्रयोग संपून गर्दी टॅक्सी आणि भुयारी रेल्वेकडे धावत असताना आपण नाटकाविषयी बोलत रमतगमत खोलीवर पोहोचतो. दुसरे मोल टेम्सच्या दर्शनाचे. याच हॉटेलच्या खोल्यांतून क्लोद मोने यांनी १८९९ ते १९०१ या काळात नदीवरील पुलांची चित्रे रंगविली. नदीकडील खोल्यांचे दर अधिक असतात ते उगाच नव्हे. पण दिवसभर भटकंती आणि रात्री नाटक असा बेत असेल, तर त्या खिडकीसाठी जादा पैसे मोजावेत का, याचा विचार अवश्य करावा.

आता बँकेच्या खिडकीतून काही सूचना. आरक्षणापूर्वी दरात २० टक्के व्हॅट आणि न्याहारी धरली आहे का, ते विचारावे. प्रवेशाच्या वेळी हॉटेल सहसा आपल्या कार्डावर काही रक्कम अनामत म्हणून रोखून ठेवते आणि मुक्काम संपल्यावर ती मोकळी होण्यास काही दिवस लागू शकतात. म्हणून त्या कार्डावर पुरेशी मर्यादा शिल्लक ठेवावी. बिल भरताना यंत्राने ‘रुपये की पौंड’ असे विचारल्यास पौंड निवडावेत. रुपयांत भरल्यास बहुधा महागडा विनिमय दर लागू होतो. उपाहारगृहाच्या बिलातील सेवाशुल्क ऐच्छिक आहे का, तेही पाहावे. नाटकाच्या तिकिटांत बचत करायची असल्यास लेस्टर चौकातील सवलतीच्या तिकीट खिडकीवर चौकशी करावी.

इतके करूनही रक्कम आवाक्याबाहेर वाटली, तर मुक्काम साध्या हॉटेलात करावा आणि एखाद्या दुपारी येथे केवळ चहा घ्यावा. त्यासाठीही आधी आरक्षण करणे श्रेयस्कर. मात्र आयुष्यातील एखाद्या विशेष प्रसंगी एक रात्र येथे घालविण्याचे ठरविलेच, तर त्यासाठी वर्षभर थोडी थोडी रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला टाकावी. आधीच तरतूद केलेला खर्च मनाला बोचत नाही आणि मग पडदा वर जातो तेव्हा आपले लक्ष बिलाकडे नव्हे, रंगमंचाकडे असते.