पुडीतले औषध आणि कायद्यातली वही

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एक बाई मध्यंतरी आमच्याकडे आल्या. मुलाचा ताप महिनाभर हटत नव्हता. गल्लीतल्या डॉक्टरने तीनदा औषध बदलले. अखेर म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात टीबी निघाला. "वकीलसाहेब, डॉक्टरवर केस होईल का?" आम्ही म्हणालो, "ताई, चिठ्ठी दाखवा." त्यांनी कागदाची पुडी पुढे केली. आत दोन पांढऱ्या गोळ्या, एक अर्धी पिवळी. औषधाचे नाव नाही, तारीख नाही. कोर्टात आम्ही काय दाखवणार?

प्रश्न एका डॉक्टरचा नाही. फॅमिली डॉक्टर अँटिबायोटिक योग्य देतो की नाही, हे मोजणार कोण?

मोजमाप अवघड मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ सालीच पद्धत सांगून ठेवली आहे. शंभर रुग्णांपैकी किती जणांना अँटिबायोटिक दिले, किती जणांना इंजेक्शन टोचले, एका रुग्णाला सरासरी किती औषधे दिली, हे मोजा. मात्र नुसता आकडा पुरत नाही, कारणही हवे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक चालते ते जिवाणूंवर. सर्दीला ते दिले तर रुग्णाला फायदा शून्य, उलट जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. जिवाणूंच्या न्यूमोनियाला वेळेवर दिले नाही, तर जीव जातो.

जिथे मोजले गेले तिथे काय दिसले? दादरहून दोन स्टेशने पुढे धारावी. १९९१ सालच्या अभ्यासात तेथील सुमारे शंभर खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी ८० निरनिराळे उपचार लिहून दिले होते. जवळपास वीस वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. हिंदुजा इस्पितळाचे डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ती २०१० साली प्रसिद्ध केली. १०६ डॉक्टर, ६३ प्रकारचे उपचार आणि बरोबर लिहिणारे फक्त ६! रोग एकच, औषधही ठरलेले. मग गरिबाच्या वाट्याला हा जुगार का?

कोर्ट आहे ना, असे कोणी म्हणेल. 'पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल' हा खटला पाहा. होमिओपॅथीच्या डॉक्टरने आधी व्हायरल ताप, मग टायफॉइड समजून अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली. टायफॉइडची खात्री करणारी तपासणी केली नाही. जुलै १९९२ मध्ये रुग्ण दगावला. जे शास्त्र शिकला नाही त्याची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे १९९६ मध्ये ठरवले आणि तीन लाखांची भरपाई दिली. पण न्याय आला तो माणूस गेल्यावर. मोजमाप माणूस जिवंत असताना करता येते.

आणि त्यासाठी नवा कायदाही नको. डॉक्टरला दुकानाच्या परवान्याशिवाय स्वतःच्या रुग्णाला औषध देता येते. ही सवलत १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची 'के' देते, पण अटींवर. अनुसूची 'एच' मधील औषध असेल, आणि बहुतेक अँटिबायोटिके त्यातच येतात, तर त्यावर डॉक्टरचे नाव, पत्ता व मात्रा हवी. रुग्णाचे नाव, औषध आणि तारीख वहीत लिहून ती वही दोन वर्षे जपायची. केमिस्टवरही १ मार्च २०१४ पासून 'एच-१' औषधांची वही तीन वर्षे ठेवण्याचे बंधन आहे. लालबागच्या त्या डॉक्टरकडे आम्ही वही मागितली. ते हसून म्हणाले, "अशी वही कोण ठेवतो?"

आमची मागणी साधी आहे. अन्न व औषध प्रशासनाने या वह्या तपासाव्यात. एफ दक्षिण, जी उत्तर, डी अशा प्रत्येक वॉर्डाचे आकडे, डॉक्टरांची नावे न छापता, दरवर्षी जाहीर करावेत. अँटिबायोटिक का दिले, ते चिठ्ठीवर लिहा, असे आवाहन केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये केले होते. त्या आवाहनाला सक्तीचे रूप द्यावे.

दोष सगळा डॉक्टरांचा नाही, हेही आम्ही मान्य करतो. रोजंदारी बुडू नये म्हणून आमचेच लोक "पॉवरफुल गोळी द्या" म्हणतात. बंधूंनो, भगिनींनो, पुढच्या वेळी गोळीआधी तीन गोष्टी विचारा. औषधाचे नाव काय? कशासाठी? किती दिवस? आणि म्हणा, हे कागदावर लिहून द्या.

त्या बाईंची केस आम्हांला उभी करता आली नाही. पुढच्या बाईच्या हातात पुडी नको, चिठ्ठी हवी.