लहान संगणकासाठीं लिनक्सची निवड

सांप्रत ठिबकच्या झडपा उघडण्यामिटण्यास व जमिनीची ओल मोजण्यास रास्पबेरी पाय यासारखे एका पाटीवरील लहान संगणक वापरतां येतात. त्यांवर लिनक्स कोणत्या रीतीनें बसवावें व प्रोग्रॅम कोठें तयार करावा, याचा विचार आरंभींच केला पाहिजे. यंत्र रात्रीं अडलें तर झडप उघडी राहून विहीर उपसली जाते, किंवा मिटलेली राहून रोपें सुकतात.

यास तीन मार्ग आहेत. पहिला, लहान संगणकावरच काम करण्याचा. डेबियनवर आधारलेली 'रास्पबेरी पाय ओएस' ही प्रणाली कार्डावर उतरवावी. तिचा 'लाइट' प्रकार घ्यावा. त्यांत खिडक्यांचा व चित्रांचा पसारा नसल्यानें, २०२१ सालीं निघालेल्या 'झीरो २ डब्ल्यू'च्या ५१२ मेगाबाइट रॅममध्येंही तो चालतो. घरच्या संगणकावरून एसएसएचनें जोडून घेऊन पायथॉनमध्यें प्रोग्रॅम लिहावा. चूक होईल तेथेंच ती दिसते, हा याचा मोठा गुण.

दुसरा मार्ग क्रॉस-कंपायलिंगचा. म्हणजे मोठ्या संगणकावर प्रोग्रॅम बांधून तो लहानावर नेणें. सी भाषेंतील मोठ्या कामांत यानें पुष्कळ वेळ वांचतो. मात्र ज्या सी-लायब्ररीवर प्रोग्रॅम बांधला ती नवी व लहान संगणकावरील जुनी असल्यास तो बहुधा सुरूच होत नाहीं. म्हणून दोन्ही आवृत्त्या आधीं जुळवून घ्याव्या.

तिसरा मार्ग बिल्डरूटचा, किंवा लिनक्स फाउंडेशननें २०१० सालीं आरंभिलेल्या योक्टो प्रकल्पाचा. यांत लागेल तेवढीच सामग्री घालून स्वतःची प्रणाली घडवितां येते. ती आटोपशीर होते व लवकर सुरू होते. परंतु शिकण्यास फार काळ लागतो, आणि थोड्या फेरफारासही बहुधा प्रणाली पुन्हां बांधावी लागते. एकाच तऱ्हेचीं अनेक यंत्रें बसविणारास हा मार्ग सोयीचा. एका मळ्यास नव्हे.

कोणताही मार्ग घेतला तरी वीज जाण्याची भीति आहेच. लेखन चालू असतां वीज गेल्यास कार्डावरील मजकूर बिघडूं शकतो. पहिल्या मार्गांत यावर 'ओव्हरले'ची सोय आहे. ती चालू केली म्हणजे कार्ड केवळ वाचलें जातें व लेखन रॅममध्यें होतें. रॅममधील नोंदी मात्र वीज जातांच पुसल्या जातात. यास्तव त्या दुसऱ्या संगणकाकडे पाठवीत जाव्या. शिवाय वीज जातांच आपोआप मिटणारी झडपच घ्यावी.

आमच्या मतें शेतकरी बंधूंनीं पहिल्या मार्गानें आरंभ करावा, व एका वाफ्यावर कांहीं दिवस अनुभव घेऊन मगच सर्व शेत यंत्राच्या हवालीं करावें. ऐन हंगामांत बिघाड झाल्यास जी प्रणाली आपणांस किंवा गांवांतील जाणत्या मुलास दुरुस्त करतां येईल, तीच आपल्यासाठीं उत्तम होय.